मोटारीला घरचं तेल

१५ ऑक्टोबर १९५९
दगा! शुद्ध दगा! कंपनीने सर्व्हिसिंग करून मोटार परत धाडली. बिलात लिहिलंय, चारही प्लग काढून साफ केले. धाडायच्या आधी मी प्रत्येक प्लगच्या बुडाशी कुंकवाचं बोट टेकवून ठेवलं होतं. आज बॉनेट उघडलं तर कुंकू जसंच्या तसं. सवाष्णीच्या कपाळावरही इतकं टिकत नाही.
ठराव: कंपनीची पायरी पुन्हा चढायची नाही. मोटारीचं सगळं घरच्या घरी. तपकिरीचं दुकान आजवर कुणाच्या शिकवणीवाचून चालवलं, चार प्लगांचं ते काय!

१६ ऑक्टोबर
सुंदराला ठराव ऐकवला. म्हणाली, अहो, माघात शैलाचं लग्न आहे, तोवर तरी त्या मोटारीला हात लावू नका. म्हटलं, लग्नासाठीच तर लावतोय! ही जुनी मोटार घेतली तेव्हा पोर शाळेत होती. तेव्हाच शब्द दिलाय, बोहल्यावर चढायला जाशील ती या मोटारीतून, आणि चालवणार तुझा बाप. फणसवाडी ते दादरचं कार्यालय. पोरीने तो शब्द पदराला गाठ मारून ठेवलाय.

१८ ऑक्टोबर, रविवार
प्लग काढले, पुसले, बसवले. मोटारीबरोबरचं पुस्तक इंग्रजीत आहे, पण चित्रं मराठीतच कळली. जाता जाता वायरीही नीट लावल्या. आता हॉर्न वाजवला की वायपर हलतो. पूर्वी हे होत नव्हतं. सुधारणा.
सुंदराचा भाऊ शामराव समोरच्याच चाळीत राहतो. म्युनिसिपालिटीत कारकून. गॅलरीतून ओरडला, भावोजी, चिमूटभर तपकीरही सोडा आत, शिंकून तरी सुरू होईल! वाडीभर हशा. मी लक्ष दिलं नाही. फक्त पाना बोटावर पडला.

१ नोव्हेंबर, रविवार
आज तेलबदल. वाचनालयात वाचलं होतं, विमानाच्या इंजिनात पूर्वी एरंडेल घालत. एरंडेल! जुलाबाचं औषध! ते जर विमान उडवतं तर खोबरेल काय नाही करणार? ताईने मालवणहून घाण्याचं धाडलंय, डबाभर. कंपनीचं काळं तेल गटारात सोडलं, घरचं ओतलं. आमच्या घरात केसाला, कढईला, देवाला तेच. मोटार काय परकी आहे?
सुंदरा रिकामा डबा बघून देवघरात जाऊन बसली. आनंदाने असावी.

२ नोव्हेंबर
संध्याकाळी चौपाटीपर्यंत चक्कर. लोण्यासारखी चालली. मागे खमंग वास. ठाकूरद्वारला एका गृहस्थाने वाकून विचारलं, आत काय तळताय? शैला माझ्याशेजारी बसली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. कंपनीचं नाक कापलं.

२२ नोव्हेंबर
मराठी राज्य मागणाऱ्या समितीच्या सभेला गेलो. वक्ते म्हणाले, आपलं घर आपणच चालवायचं, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. तंतोतंत माझाच ठराव! तेलाचं सांगायला पुढे सरकलो, पण गर्दीने व्यासपीठापर्यंत पोचू दिलं नाही.

१९ डिसेंबर
बोचरी थंडी. सुंदरा खोबरेलाची बाटली उन्हात ठेवत होती. म्हणाली, अहो, हे बाटलीत थिजलंय, मोटारीतलं काय झालं असेल हो? तिला समजावलं, बाटली वेगळी, इंजिन वेगळं. इंजिन गरम असतं. ती म्हणाली, चालू असताना. मी पेपर वाचायला घेतला. बायकांना यंत्रातलं सांगण्यात अर्थ नाही.
दुपारी ऊन खाऊन मोटार एका झटक्यात सुरू झाली, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

३० जानेवारी १९६०
जेवताना शामराव म्हणाला, अडीनडीला एक टॅक्सी सांगून ठेवू का? ताटावरून उठलो. घरात फितुरी! शैलाने हात धरून परत बसवलं. म्हणाली, मामा, दादा नेणार म्हणालेत ना, मग नेणारच. पोर माझी. बाकी सगळे तुझ्याकडचे, असं सुंदराला सुनावलं.

७ फेब्रुवारी, रविवार
लग्न लागलं. लिहवत नाही, तरी लिहितो.
मुहूर्त सकाळचा. उजाडतानाच शैला शालू नेसून मागच्या सीटवर. मी फेटा बांधून स्टिअरिंगवर. स्टार्टर दाबला. गाभण म्हशीने टाकावा तसा एक सुस्कारा, मग काही नाही. खाली उतरून हँडल घातलं. हँडल फिरेना, फेटा सुटला. शामरावने तेल मोजायची पट्टी उपसून वाडीला दाखवली. पांढरीफेक! म्हणाला, भावोजी, साखर घाला, वड्या पडतील! सगळी वाडी हसली. शैला हसली नाही.
शेवटी पुरुषमंडळींनी मागून रेटा दिला. गिअर सोडून मी स्टिअरिंग धरलं. गल्लीच्या तोंडाशी पोचतो तर टॅक्सी उभी. झेंडूच्या माळा घातलेली. माळा काही आयत्या वेळी गुंफल्या जात नाहीत. शामरावकडे जळजळीत पाहिलं. तो म्हणाला, माझ्याकडे नका बघू. शैलानेच सांगून ठेवलीय. तेल घातलंत त्याच आठवड्यात. मलाही कालच कळलं.
स्वतःच्या पोटची पोर!
शैला उतरली. मान खाली घालून म्हणाली, दादा, माझा मुहूर्त होता हो. आणि नाक्यापर्यंत तर तुम्हीच आणलंत.
टॅक्सीत दादरपर्यंत तिच्याशेजारी बसलो. तिने माझा हात धरून ठेवला होता, म्हणून तोंड खिडकीकडे केलं.
नोंद: घरापासून नाक्यापर्यंत नवरीची मोटार मीच चालवली.

९ फेब्रुवारी
घर सुनंसुनं. दुपारच्या उन्हात मोटार सुरू झाली, पण आतून पाटा-वरवंटा फिरल्यासारखा आवाज. कंपनीत नेली. फक्त विचारायला.
फोरमन भला माणूस. तेल बोटांवर घेऊन चोळलं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, साहेब, हे कुणी केलं?
म्हटलं, ड्रायव्हरने.
तो हळहळला. म्हणाला, तुम्ही साधे दिसता, तुमच्या चांगुलपणाचा फायदा घेतला त्याने. असला दगाबाज माणूस दारात उभा करू नका.
म्हटलं, परवाच काढून टाकला. पण फार विश्वास होता हो माझा त्याच्यावर.