आट्यांत साठलेलं कुंकू

आबा, लाकडात खाचा पाडायचं तुमचं राउटर मशीन काल मी टेबलाखालून सोडवलं आणि पुरतं उघडलं. तुम्ही असताना तुम्हाला न विचारता त्याला नुसता हात लावायचीही माझी छाती झाली नसती. आता ते कोरेगावच्या तुमच्या कारखान्यात नाही, सांगलीत विश्रामबागेत माझ्या कारखान्यात आहे. तुम्ही ते माझ्या चुलतभावाच्या हवाली केलंत, घरातला पुरुष म्हणून. त्यानं तुमच्यामागं वर्षभरही रंधा धरला नाही. मशीन पोत्याखाली पडलं, आणि शेवटी अडगळ होतेय म्हणून तोच मला म्हणाला, घेऊन जा. मी टेम्पो घेऊन आले आणि टेबलासकट उचललं. परत येताना ड्रायव्हरच्या शेजारी बसून मला काय वाटत होतं सांगू? तुमच्या छातीवर पाय देऊन आल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची मला जराही लाज नव्हती.

पण तुमच्यासारखंच तुमचं मशीनही मला सुखानं काम करू देईना. टेबलाच्या भोकातून कटर जेवढा वर येईल तेवढी फळीत खाच खोल पडते, आणि ती उंची खालच्या स्क्रूनं ठरते. सकाळी उंची लावावी, लॉक आवळावं, पहिल्या फळीला खाच बरोबर पडावी, आणि मशीन तापलं की पुढच्या फळ्यांना उथळ पडत जावी. दोन फळ्या शेजारी ठेवून बघितल्या. हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं.

माझ्या लग्नाआधीची गोष्ट. दसरा नुकताच झालेला. साताऱ्याच्या एका घरचं सागवानी देवघर आपल्याकडं आहे. तुमचं मनगट धरलंय म्हणून तुम्ही पहिल्यांदाच मला म्हणता, उंची तू लाव. मी एका तुकड्यावर खाच पाडून दाखवते, तुम्ही अंगठ्याचं नख आत घालून बघता आणि मान हलवता. त्या मान हलवण्यावर मी आठवडाभर उपाशी राहिले असते. मग मी दारांच्या पट्ट्या एकामागून एक चालवल्या, आणि जोडायला घेतल्यावर निम्म्या पट्ट्यांत फळी बसेना. सागवान वाया गेलं. गिऱ्हाईक खुर्चीवर बसून चहा पीत होतं. तुम्ही माझ्या हातातून पान्हा काढून घेतलात. मी म्हणाले, "आबा, लॉक मी आवळलं हुतं." तुम्ही माझ्याकडं नाही, गिऱ्हाइकाकडं बघितलंत आणि हसत म्हणालात, "मग काय मशीन खोटं बोलतंय व्हय? बाईच्या हातानं उंची ठरत न्हाई. जा, घरात जा."

गिऱ्हाईकही हसलं. त्यानंतर कारखान्याचं दार मला बंद झालं, आणि उन्हाळ्यात माझं लग्न लावून मला पलूसला पाठवलंत. तिथं भाकऱ्या थापताना, उसाच्या बांधावर डबा घेऊन जाताना मी कितीतरी वर्षं स्वतःलाच विचारत राहिले, लॉक मी खरंच आवळलं होतं ना? तुम्ही शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, तर विसरले असते. तुम्ही माझा माझ्या हातावरचा विश्वास काढून घेतलात. नवरा फौजेतून पेन्शनवर आला, आम्ही सांगलीला राहायला आलो, मी कारखाना काढला, दोन पोरी हाताखाली तयार केल्या, तरी आजही लॉक आवळल्यावर मी एकदा परत हात लावून बघते. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

म्हणून काल मशीनची उलटतपासणी घेतली. आधी कटर सरकतोय का बघितलं. कटर आणि त्याला धरणारी पकड या दोन्हींवरून पेन्सिलीची रेघ ओढली आणि मशीन चालवलं. रेघ जागची हलली नाही. मग स्प्रिंग. हे मशीन मुळात हातात धरून खाली दाबायचं. टेबलाखाली उलटं टांगलं की त्यातली स्प्रिंग मोटारीला खालीच ढकलत राहते. ती काढली. उंची फिरवायला हलकी झाली, पण तापल्यावर मोटार केसभर खाली आलीच. उरला तो उंचीचा स्क्रू. तो फिरवून फिरवून बाहेर काढला, तर त्याला आटे दिसतच नव्हते. आट्यांत लाल-तपकिरी लगदा गच्च बसला होता. नाकाशी धरला. तेल, भुसा आणि कुंकू.

खंडेनवमी, आबा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही करवत, रंधा, पटाशी धुऊन पुजायला मांडायचात, आणि मशीन धुता येत नाही म्हणून मोटार ज्यांवरून वरखाली सरकते त्या दांड्यांना, स्क्रूला तेलाचं बोट फिरवून वर चिमटीनं हळदकुंकू वाहायचात. आम्ही बायकांनी ताट तयार करून द्यायचं आणि उंबऱ्याच्या अलीकडं थांबायचं. दरवर्षी त्याच्यावर भुसा बसत गेला. स्क्रू आवळला की वाटायचं बसला, पण बसायचा तो लगद्यावर. मशीन तापलं की लगदा मऊ व्हायचा. दांड्या तेलकट, म्हणून त्यांना आवळणारं लॉकही धरायचं नाही. माझा हात नव्हता आबा, तुमचा होता. तुम्ही विचारलं होतंत, त्याचं उत्तर आता घ्या. व्हय, मशीन खोटं बोलत हुतं. आन् ते तुमीच त्याला शिकवलं हुतं.

थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक आटा साफ केला, तेलाऐवजी मेणबत्ती घासली. संध्याकाळपर्यंत मशीन तापून लाल व्हायचं बाकी होतं, पण खाच सगळीकडं सारखी. खरवडलेला लगदा मी टाकून दिला नाही. आईच्या हट्टापायी तुमचा फोटो कारखान्यात लावलाय, त्याच्या काचेवर, बरोबर कपाळाला, तो बोटानं थापला. तुमची पूजा तुम्हाला परत. लय बरं वाटलं. आज एक गिऱ्हाईक आलं, ते गंध समजून हात जोडून गेलं. मी जोडू दिले. यंदाची खंडेनवमी माझ्या हाताखालच्या दोघी पोरी करणार आहेत, उंबऱ्याच्या आत उभ्या राहून, आणि स्क्रूला कुणी बोट लावणार नाही.

हे लिहून मी कुठं पाठवणार, आणि तुम्ही वाचलंत तरी चुकलो म्हणणाऱ्यातले नव्हता. घडी घालून ठेवून देते. पण एक सांगायचं राहिलं. फोटो, कपाळ, हे सगळं नंतर सुचलं. स्क्रू बाहेर आला, आटे लाल दिसले, तेव्हा आधी मी तो हातात उंच धरला आणि दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "आबा, हे बघा." पोरींनी हातातलं काम थांबवलं आणि दोघीही दाराकडं बघायला लागल्या, कोण आलंय म्हणून.