‘तुलो’ न म्हणता

तुझ्या मनात काय चाललंय ते मला तुझ्या प्रशिक्षकाच्या पत्रातून कळावं? गळ्यात सुवर्णपदक आणि पोरगी म्हणते, आता धावणं सोडते. सरदारांच्या लेकीला हरवलं, गावाला तोंड कसं दाखवू. आजी मेली होती का विचारायला?

प्रिय सेरेइमा (रागाच्या भरात हे वर लिहायचं राहिलं),

दोष माझाच. बसलेल्या मोठ्या माणसापुढून ताठ गेलीस की मी पोटऱ्यांवर खराटा ओढायचे. "वाक, आणि तुलो म्हण. मोठ्यांपुढून माफी मागून जावं." ते इतकं मुरलं की तीन वर्षांपूर्वी सुव्हाच्या मैदानावर, शंभर मीटरच्या शर्यतीत सरदारांच्या लेकीला, आदी लितियांना गाठलंस आणि त्यांना मागे टाकताना कमरेत वाकून "तुलो" म्हणालीस. शर्यतीत, बाई! दोन बोटांनी हरलीस. वर मी गावभर सांगत फिरले, "हरली, पण वळण सोडलं नाही." अशी मी शहाणी.

या वेळी सगळं गाव चर्चच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे होतं. पुन्हा आदी लितिया पुढे, तू मागे. तू त्यांच्या खांद्याला आलीस तेव्हा माझ्याच ओठांवर तुलो आलं होतं. तू मात्र माडासारखी ताठ निघून गेलीस. पाद्रीबाई माझ्या मांडीवर कोसळल्या, मांडी अजून दुखतेय. मग सगळे चेहरे पाडून सरदारांकडे बघू लागले. त्यांनी यांगोना पेयाची वाटी सावकाश संपवली आणि म्हणाले, "तोंडं का पाडलीत? पहिली आपली, दुसरी आपली. बाकीच्या बेटांनी रडावं." त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात हॉलचं दार निखळलं.

हे सगळं तुला आल्यावर सांगितलं असतं. पत्र लिहायला बसले ते वेगळ्या कामासाठी. काल आदी लितिया घरी आल्या. मी उठायच्या आत चटईवर बसल्या, उकडलेला कसावा खाल्ला आणि म्हणाल्या, "बुबू, पुढच्या वर्षी रिलेत शेवटचा टप्पा सेरेइमाने धावावा. बॅटन मी तिच्या हातात देईन. ती मागून कधी येते याचा धसका घेऊन धावायचा मला कंटाळा आलाय." माझ्या तोंडून हो निघणारच होतं, पण जीभ चावली. पाय तुझे आहेत. तेव्हा उत्तर मला नको, त्यांना लिही, आणि स्वतःच्या हाताने. प्रशिक्षकाचं पत्र पुन्हा आलं तर न वाचता चुलीत घालीन.

तुझीच आजी,
बुबू उनाइसी