एकही गोळा फुटला नाही

हिंगणी, रविवार, दिवेलागण

सकाळी घरच्यांच्या ग्रुपवर पोरगी नर्सिंग पास झाल्याचं टाकलं. मोठ्या नणंदबाईंनी नुसता अंगठा पाठवला. दुपारी गोळाभाताचा फोटो टाकला, त्यावर तर काहीच नाई. काऊन एवढी वाट पाहून राह्यले मी? लग्नानंतर पहिल्यांदा केला, तेव्हा माझे डाळीचे गोळे भातातच फुटले होते. त्या सगळ्यांसमोर हसल्या होत्या. आज एकही फुटला नाई, फोटोत साफ दिसते.

आत्ता रोहण्याहून त्यांचाच फोन. "तुहा फोटो पाहून मीनंही केला. सारे गोळे फुटले वं! पोरीले घेऊन येजो, अन् मले दाखवून देजो."

मी हो म्हटलं. पण लगेच नाई, जरा थांबून.