तक्रार क्रमांक एक

३ नोव्हेंबर, सकाळी सव्वासात
आजपासून मी कम्प्लायन्स ऑफिसर. कागदावर अजून नाही, पण काल हिरालालसेठ म्हणाले, "अश्विन, वो नीतिवाला काम तू देख ले, तेरा अक्षर अच्छा है." आपल्या राइस मिलचा चिन्नोर तांदूळ नागपूरचा एक एक्स्पोर्टर घेतो आणि युरोपात पाठवतो. तिकडे नवा कायदा आला आहे म्हणे. माल ज्या हातांनी तयार केला त्या हातांना नीट वागवले का, हे मोठ्या कंपनीने दाखवायचे. म्हणून कंपनीने एक्स्पोर्टरला धरले, एक्स्पोर्टरने सेठना, सेठनी मला. माझ्याखाली कोणी नाही, त्यामुळे कायदा माझ्यापाशी येऊन थांबला आहे. जबाबदारीची जाणीव झाली.
ऑडिट होऊन एथिकल सर्टिफिकेट आले तर मी पर्मनंट, टेबल वेगळे. नाही आले तर काय, ते सेठ बोलले नाहीत. गेटकडे पाहिले.
ही रोजनिशी मराठीत. सीमेपलीकडच्या या मिलमध्ये हिंदी सगळ्यांना वाचता येते, मराठी नाही.

५ नोव्हेंबर
एक्स्पोर्टरने पाठवलेले मॅन्युअल इंग्रजी, चाळीस पाने. रोज चार पाने वाचायची असे ठरवले. आज अर्धे पान झाले. घाई नको, नीती समजून घ्यायची गोष्ट आहे.
मास्क आले. कामगार एकतीस, मास्क सहा. सेठ म्हणाले, ऑडिटवाली एका वेळी किती लोक बघणार? हा मुद्दा मॅन्युअलमध्ये नाही, पण व्यवहार्य वाटला. पॉलिशरवर, कोंड्याच्या धुळीत काम करणाऱ्या नथ्थूभाऊंना पहिला मास्क दिला. संध्याकाळी त्यात तंबाखूची पुडी ठेवलेली दिसली. "कपडा चांगला आहे बाबू," म्हणाले, आणि बराच वेळ खोकले.

८ नोव्हेंबर, दुपारी
पान सत्तावीस. मधली पाने नुसती चाळली, इथे थांबलो. नोंद न करता मजुरीत वस्तू देणे हा गंभीर दोष आहे, असे लिहिले आहे. आणि हा दोष आपल्याकडे रोज संध्याकाळी उघड्यावर घडतो! मिलच्या बाया जाताना अंगण झाडतात आणि सांडलेला तांदूळ आणि कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, पाखडून घरी नेतात. याला सगळे झाडन म्हणतात. सेठच्या वडिलांच्या वेळेपासून चालू आहे. कुठेही नोंद नाही. इतक्या वर्षांचे शोषण, आणि कोणाच्या लक्षात आले नाही.
झाडन तत्काळ बंद केले. त्यांच्या सन्मानासाठी.
अकरा बायांमध्ये गोदाबाई सर्वांत जुन्या. त्या म्हणाल्या, "बाबू, रोजी तं तेलामिठाले जाते. भात या झाडनाचाच शिजते. तू काहून बंद करून राह्यला?" मी पान सत्तावीस समजावले. त्या म्हणाल्या, "त्या पानावर भात वाढून देशीन का?" शिक्षणाचा अभाव.

१० नोव्हेंबर
सेठ अतिशय खूश. झाडनाचे आठवड्याला पोतेभर होते, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हते. लामत्याचा एक कोंबडीवाला ते घ्यायला तयार झाला. सेठ मला दोनदा म्हणाले, "ये एथिक्स अच्छी चीज है." त्यांना विषयात रुची निर्माण झाली, हे माझे यश.

१४ नोव्हेंबर
तक्रारपेटी लावली. निळा रंग, कुलूप. किल्ली माझ्याकडे आणि सेठकडे. पारदर्शकतेसाठी दोन.

१९ नोव्हेंबर
पेटी रिकामी. मॅन्युअल म्हणते, शून्य तक्रारी संशयास्पद. तशा तक्रारी आहेत. गोदाबाई रोज सकाळी अंगणात उभ्या राहून दहा मिनिटे बोलतात, वारासिवनी रोडपर्यंत ऐकू जाते. पण बोललेले रेकॉर्डवर येत नाही. त्यांना म्हटले, लिहून टाका. म्हणाल्या, "लिहायचं काहून? तू तं सामनेच उभा आहे." त्यांना लिहिता येत नाही हे नंतर कळले. लिहून द्यायची तयारी मी दाखवली. निःपक्षपातीपणा हा माझा स्वभावच आहे.
त्यांनी सांगितले ते असे: "लिही, अश्विन नावाच्या पोरानं आमचं झाडन बंद केलं. सेठले सुचलं नाही ते याले सुचलं. ह्यानं आमच्या पोटावर पाय देल्ला."
मी ऑफिसच्या हिंदीत लिहिले. विषय: कर्मचारी अश्विन यांचे वर्तन. मजकूर: सदर कर्मचाऱ्याने कामगारांशी सल्लामसलत न करता दीर्घकालीन प्रथा बंद करून त्यांच्या उपजीविकेस बाधा आणली. सल्लामसलत पान एकतीसवरून घेतली. तीनदा वाचले. एकही काना-मात्रा चुकलेली नाही. गोदाबाईंचा अंगठा घेतला, तक्रार स्वतः पेटीत टाकली, उद्या सकाळी स्वतः उघडेन. तक्रार क्रमांक एक.

२२ नोव्हेंबर
तक्रारीखालचा 'केलेली कार्यवाही' हा रकाना रिकामा. स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर निर्णय स्वतः घेणे योग्य नाही. पेन्सिलने 'विचाराधीन' लिहिले.

२६ नोव्हेंबर
उद्या ऑडिट. सगळ्यांची तयारी करून घेतली. ड्युटी किती तास, असे विचारल्यावर आठ म्हणायचे. नथ्थूभाऊ म्हणाले, "हौ, आठ. आठ ते आठ." पुन्हा समजावले. त्यांनी मान डोलावली. ते मान सगळ्यालाच डोलावतात.

२७ नोव्हेंबर, रात्री नऊ
ऑडिट झाले. नागपूरच्या अपूर्वा मॅडम. एकूण अडीच तास, त्यात नाश्ता पन्नास मिनिटे. मास्कवाले सहा जण बघितले. पॉलिशरजवळ मॅडमना चार शिंका आल्या, म्हणाल्या, नागपुरातच सर्दी झाली होती.
नथ्थूभाऊंनी आठ तास सांगितले. गोदाबाईंनी मात्र सगळेच सांगितले. बारा तास, धूळ, झाडन, कोंबड्या. मी घामाघूम. मॅडमनी लिहिले: कामगार निर्भयपणे बोलतात, सकारात्मक बाब. सुटलो.
मग त्यांनी तक्रार क्रमांक एक वाचली. पुन्हा वाचली. म्हणाल्या, "इतकी नीट लिहिलेली तक्रार मी या पट्ट्यात पाहिली नाही. कोणी लिहिली?" मी म्हटले, मी. "कोणाविरुद्ध?" माझ्याच. मॅडमनी माझे नाव त्यांच्या वहीत लिहून घेतले. आदर असावा.
बाकी सगळे ठीक. फक्त 'केलेली कार्यवाही' हा रकाना भरा म्हणाल्या. सात दिवसांत कार्यवाही करून पुरावा पाठवला की सर्टिफिकेट.

२८ नोव्हेंबर
सेठना उपाय सुचवला: झाडन पुन्हा चालू करावे, रजिस्टरला नोंद ठेवून. रजिस्टर मी आखूनही नेले होते. सेठ म्हणाले, कोंबडीवाल्याला मार्चपर्यंतचा शब्द दिला आहे. मग तक्रारीचा कागद मागवला, विषयावर बोट ठेवले आणि विचारले, "इसमें कंप्लेंट झाडन की है, कि तेरी?"
नीट वाचले. विषयात झाडन नव्हते.

२९ नोव्हेंबर
विचार केला. सेठ असे करणार नाहीत. मी गेलो तर फाइल कोण ठेवेल?

१ डिसेंबर
चौकशी समिती बसली. सेठ आणि नथ्थूभाऊ. इतिवृत्त मी लिहिले, कारण दुसऱ्या कोणाला जमत नाही. आरोपीचे म्हणणेही मीच विचारले, मीच नोंदवले. नथ्थूभाऊंनी मान डोलावली. ठराव: सदर कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात येत आहे.
पत्राचा मसुदा सेठना जमेना. करून दिला. 'तत्काळ' हा शब्द मी घातला, तो पुराव्यात उठून दिसतो. सेठ म्हणाले, मामला थंड झाला की बघू. आश्वासन पक्के वाटले. आईला सांगितले, सुट्टी आहे.

१२ डिसेंबर
सर्टिफिकेट आले. नथ्थूभाऊंनी फोनवर फोटो दाखवला. तक्रार निवारणाच्या पुढे 'अनुकरणीय' असा शेरा. मिलमधला हा एकच शेरा माझ्या कामाला मिळाला आहे. सेठचा फोन अजून नाही. लागत नसेल.

१५ डिसेंबर
अनुभवाचा दाखला मागायला मिलवर गेलो. सेठ जेवत होते. पाऊण तास गेटवर उभा राहिलो, तेही जेवत राहिले. गोदाबाई बाहेर आल्या.
"आता तं तू नाही. मंग झाडन चालू होते का?"
नाही, म्हटले. बंदी आता सर्टिफिकेटमध्ये गेली आहे: 'मजुरीत वस्तू देणे बंद'. बदलायची तर कम्प्लायन्स ऑफिसरचा अर्ज लागतो, आणि ते पद रिकामे आहे.
"अन माही तक्रार?"
तुमच्या बाजूने निकाल लागला. तुम्ही जिंकलात.
"जितली मी? मंग घरी काय शिजवू?"
दुसरी तक्रार करा, असे सुचवले. पद्धत तीच आहे.
"आता कोणाच्या नावानं? तू तं गेला." मग ऑफिसच्या दाराकडे हात करून म्हणाल्या, "सेठच्या नावानं लिहून दे. अंगठा आताच देतो."
मी खिसे चाचपले. म्हटले, पेन नाही आणला.
पेन होते.