जुन्या रांजणाचा ताबा

या आठवड्यात आलेलं सामान: जाडं समुद्री मीठ दोन पोती, किंमत वीस हजार वॉन; मृत्युपत्राचा मसुदा, लेखनिकाची फी दीड लाख. मिठातला कडवटपणा गळून जायला तीन वर्षं लागतात. म्हणजे दोन्ही वस्तू माझ्या माघारीच उपयोगी पडायच्या.

मी, ओ सुन-रे, वय एक्क्याऐंशी, मॅट्रिक पास, राहणार दामयांग, बुद्धाच्या कृपेने पूर्ण भानावर आहे. कुणाचाही दबाव नाही. दबाव आणायला इथे राहतं कोण? माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घर मुलगा ग्यू-होन यास. ठेव निम्मी त्याला, निम्मी देवळाला. माझ्या श्राद्धाला महागाची नाशपाती आणू नये. डागाळलेलीही गोड लागते.

२. नणंद मल-सुन हिला माझी पितळी पातेली. ती तिने लग्नासाठी म्हणून मागून नेली. त्या लग्नातल्या जोडप्याची पोरं आता कॉलेजात आहेत, तेव्हा पातेली तिच्याचकडे असू द्यावीत.

३. सोया सॉसचा जुना रांजण रिवाजाप्रमाणे सून यून-ग्योंग हिला. तो कधी रिकामा करू नये. काढावा तेवढा नवा सॉस त्यात घालावा. सूनबाई सोलमध्ये सॉस बनवण्याचे वर्ग घेतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर लिहिलंय की त्यांना हे ज्ञान ‘इम्पार्ट’ करण्याचा अधिकार आहे. मी शब्दकोश काढला. अर्थ: आपल्याकडचं दुसऱ्याला देणे. शब्द चांगला आहे. फक्त आधी आपल्याकडे असावं लागतं.

परवा तिचा फोन आला. “आई, मिठाचं माप सांगा ना, वर्गात विचारतात.”

“मीठ विरघळवलेल्या पाण्यात अंडं सोड. नाण्याएवढं वर दिसलं की पुरे.”

“कुठलं नाणं?”

“पाचशेचं.”

“आणि अंडं केवढं?”

“ते कोंबडीला विचार.”

माझ्या सासूबाईंनी मला काही समजावलं नाही. ऊन आलं की “रांजणांची झाकणं काढ”, ढग आले की “झाकणं घाल”. मला वाटे, फुकटची मोलकरीण मिळाली त्यांना. एकदा त्या देवळात गेल्या असताना नुसत्या वासावरून मला कळलं, मिठाच्या पाण्यात मुरत घातलेल्या सोयाबीनच्या ढेपा आजच बाहेर काढायला हव्यात. काढल्या. त्यांनी येऊन बोट बुडवून चाखलं. “हं,” म्हणाल्या. माझं प्रमाणपत्र एवढंच.

४. हे ज्ञानही सुनेस द्यावे, असं मी सांगितलं. लेखनिक प्यो म्हणाले, “आजी, वस्तू लिहा. हातातलं कसब मेल्यावर देता येत नाही.”

“मग दीड लाख कशाचे?”

ते चहा प्यायले. कलम ४ रद्द.

शिक्का: ओ सुन-रे
साक्षीदार: प्यो जोंग-मान, लेखनिक, मा बोक-नाम, शेजारीण
दामयांग, ३ डिसेंबर २००३

(खाली स्वहस्ते, सुनेच्या प्रतीवर)
यून-ग्योंग, नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, पंचांगातल्या घोड्याच्या दिवशी नवा सॉस मुरत घालायचा आहे. रांजण मी मेल्यावर मिळेल. बाकीचं मला त्याआधी द्यायचं आहे. वही नको, जुने कपडे आण. महिनाभर राहावं लागेल. येतेस की नाही ते उलट टपाली कळव.