तंबोऱ्याची सोबत

१७ नोव्हेंबर २००१, शनिवार

ज्ञानू नऊला येते म्हणून गेली, दहाला आली.

वकीलसाहेबांच्या माडीवर आजपासून गाण्याच्या बैठका सुरू झाल्या. एप्रिलपर्यंत दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी. माणसं पन्नासच, माइक नाही, सतरंजीवर बसून ऐकायचं. गाणारे बाहेरगावचे, साथीला आपलेच – तबल्यावर ओमकार, पेटीवर पावसचे हरिश्चंद्र मयेकर. आणि गाणाऱ्याच्या मागे तंबोरा धरून आमची लेक. वकीलीणबाईंकडे गाणं शिकते ना, म्हणून तिला बसवली.

घरी आणून सोडलं कोणी? ओमकारने, स्कूटरवरून. वय सव्वीस, मिरजोळ्याला कारखान्यात नोकरी. मी विचारलं, रिक्षा मिळत नव्हती? तर म्हणते, "तेवढेच पैसे वाचले ना, आई." माझंच बोलणं मला ऐकवलं.

लांज्याच्या स्थळाची पत्रिका जुळली आहे. मुलगा बँकेत. होळीनंतर बोलणी करायला येणार. आत्ता गावात कोणी हिच्याकडे नुसतं बोट दाखवलं तरी ती माणसं मागे फिरतील.

२० नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं, मुलीला बैठकीला पाठवायचं बंद करा. हे दुकानातून दमून आलेले. "वकिलांना शब्द दिलाय. तू जा बरोबर." मी जाऊ? एकच ओळ अर्धा अर्धा तास घोळवतात. देवाचं नाव असलं तरी शेवटी ओळखू येत नाही. तेवढ्या वेळात माझ्या सगळ्या माळा ओढून होतात.

२२ नोव्हेंबर

पूजा करताना सुचलं – गाणाऱ्याच्या मागे तंबोरे दोन लागतात. दुसऱ्यावर बसायला वकिलांना माणूस मिळत नाही. वन्संना बसवायचं.

वन्सं म्हणजे मैना, ह्यांची धाकटी बहीण. चोविसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन माहेरी आल्या, त्याला सतरा वर्षं झाली. तोंडातून शब्द नाही. यांच्यासारखी राखण शोधून मिळायची नाही.

"वहिनी, मला कुठे जमणार ते?"

"चार तारा आहेत. हात तारांवर ठेवा आणि डोळे ज्ञानूवर."

१६ डिसेंबर

कालची बैठक सातची, पण दोघी पाचलाच गेल्या. का, तर खाऱ्या हवेने तारा उतरतात. पेटीवर हरिश्चंद्र सूर देतात आणि त्यावर एकेक तार जुळवत बसायचं. दोन तास? तेवढा वेळ तो ओमकारही हातोडी घेऊन तबला ठोकत शेजारी बसलेला असतोच.

वन्संना विचारलं, कोण कुठे बसतं. म्हणाल्या, ज्ञानू तबल्याच्या बाजूला, मी पेटीच्या बाजूला. मी म्हटलं, जागा बदला. "वकीलसाहेबांनी ठरवल्यात, वहिनी. आता बदलता येत नाहीत."

वन्संनी माझं न ऐकण्याची ही पहिलीच वेळ. ज्ञानूने फितवलं की काय?

हरिश्चंद्र तिथे आहेत म्हणून धीर वाटतो. पन्नाशीचा गृहस्थ, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरी आले की आधी देवघरासमोर हात जोडतात. आगरातले नारळ आणतात, पैसे घेत नाहीत. त्यांना मीच सांगितलं – शेवटच्या एसटीला जाताना दोघींना घरापर्यंत सोडत जा. "बरं वहिनी," म्हणाले. जास्त बोलणं नाही. स्कूटरचा प्रश्न मिटला.

१९ जानेवारी २००२

ज्ञानूने माझी अबोली साडी मागितली. म्हटलं, तुला कशाला? "मला नको गो. आत्याला दे. सगळ्यांसमोर बसते ती, किती दिवस ती राखाडी नेसणार?"

दिली. पण डोक्यात आलंच – आत्याला साडी, परवा आत्याला गजरा. ही लाच चालली आहे. आत्याचं तोंड बंद ठेवायला.

२१ जानेवारी

वन्सं नारळ खवताना गुणगुणत होत्या. मी आत आले तशा थांबल्या.

१७ फेब्रुवारी

काल न सांगता गेले. माडीच्या जिन्यात पोचले तेव्हा आत गाणं सुरू व्हायचं होतं, पेटीचा एकच सूर लांब लागला होता. वरच्या पायरीवर ज्ञानू आणि ओमकार, माझ्याकडे पाठ करून. तो म्हणत होता, "उन्हाळ्याच्या आत घरात विचारायलाच पाहिजे." आणि ही – "बाबांचं जाऊ दे. आई उभं करेल का दारात?"

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. हाताला धरून घरी आणली. वन्सं मागून धावत आल्या, पायात चपला घालायचं भान नाही. त्यांच्यासमोर ज्ञानूच्या थोबाडीत मारली. बावीस वर्षांची मुलगी! लहानपणी कधी मारली नव्हती.

रडली नाही. म्हणाली, "तुला वाटतं तसं काही नाही." मग काय आहे ते सांग, म्हटलं. तिने नुसतं वन्संकडे बघितलं. वन्सं भिंतीला टेकून उभ्या. पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी त्यांनाही सोडलं नाही. "राखायला पाठवलं होतं ना तुम्हाला?"

तंबोऱ्याशिवाय बैठक झाली म्हणे. हे मला म्हणाले, वकिलांसमोर तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस.

२६ फेब्रुवारी

रामआळीत ओमकार समोर आला. "काकू –" म्हणाला. मी रस्त्याच्या पलीकडे गेले.

१६ मार्च

ज्ञानूचं जाणं बंद केलंय. वकिलांचा मान म्हणून वन्संना एकट्यांना पाठवलं. ज्ञानूने विचारलं, "आत्याबरोबर सोबतीला कोण?" तोंडावर हसू होतं. म्हटलं, त्यांना कशाला सोबत लागते या वयात?

३१ मार्च

लांज्याची माणसं येऊन गेली. साखरपुडा वैशाखात.

ज्ञानू छान बसली, छान बोलली. मुलाला स्वतः विचारलं, लग्नानंतर गाणं शिकलेलं चालेल का. तो म्हणाला, चालेल, पण मला झोप आली तर रागवायचं नाही. दोघं हसली. आत आल्यावर म्हणते, "आवडला मला."

मला काही सुधरेना. दीड महिन्यापूर्वी जिन्यात दुसऱ्याशी लग्नाची बोलणी आणि आज हा आवडला? रडून नको म्हणाली असती तर समजलं असतं. इतकी सहज कशी तयार झाली? यात काहीतरी डाव आहे. रात्री दोनदा उठून तिच्या अंथरुणाकडे बघून आले. दोन्ही वेळा ती घोरत होती. वन्संच जाग्या होत्या.

२० एप्रिल

शेवटची बैठक आज झाली. सुटले. वन्सं वेळेवर आल्या. हरिश्चंद्र दारापर्यंत आले होते, पण आत आले नाहीत. देवाला नमस्कारही नाही. घाईत असतील.

२१ एप्रिल, रामनवमी

पाळणा म्हणून झाला. सुंठवडा वाटला. हे दुकानाकडे गेले. वन्सं वाटी तशीच हातात धरून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, ज्ञानूला मारलंत ना, तो हात माझ्यावर उठायला हवा होता."

मला आधी कळलंच नाही.

"हरिश्चंद्रांनी मला विचारलंय. काल मी हो म्हटलं. ती दोघं पोरं आमच्यासाठी बोलत होती जिन्यात. मला तोंड उघडायचा धीर झाला नाही, आणि तिने माझ्यासाठी मार खाल्ला."

तंबोऱ्यावर त्यांना बसवलं मी. त्या माणसाच्या सोबतीने घरी पाठवलं मी. साडीसुद्धा माझीच.

तोंडात आलं ते बोलले. या वयात? तेही मयेकर, आपल्या जातीचे नव्हेत! आणि लांज्याच्या लोकांना काय सांगू – आमच्याकडे आधी विधवेचा बार उडतोय? ज्ञानूचं मोडलं तर?

"मोडत असेल तर मी जात नाही," म्हणाल्या. "पण नाही म्हणायचं तर तुम्ही म्हणा. दादा तुमच्या शब्दाबाहेर नाही. माझ्या तोंडून आता ‘नाही’ यायचं नाही."

सतरा वर्षांत एवढं एकदम बोलल्या नव्हत्या. मग वाटी ठेवून पानं घ्यायला गेल्या, रोजच्यासारख्या.

२२ एप्रिल

जप झाला नाही. माळ नुसती हातात. ज्ञानूला म्हटलं, मारलं तेव्हाच सांगायचंस ना गो. म्हणाली, "माझं नव्हतं ते सांगायला." आणि लांज्याचं मोडलं तर? "एवढ्यावरून मोडणार असेल तर मोडू दे, आई. मला आवडलाय तरीसुद्धा."

ह्यांना रात्री सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तुझं काय म्हणणं?"

२३ एप्रिल

सकाळी भटजींकडे गेले. पंचांग उघडत म्हणाले, "वैशाखातला मुहूर्त ना? ज्ञानूचा?"

म्हटलं, आधी थोरलीचा काढा, मैनाचा.