तुझ्या ताकातलं पाणी

प्रिय अक्का,

तुझ्या सोसायटीच्या पाण्याचा निकाल आज सकाळी हातात आला. पाणी नापास. दिसेल त्याला सांगत सुटलो आणि मग लक्षात आलं, जिला सांगायला हवं तीच नाही. म्हणून हे पत्र. शुद्धलेखन तपासू नकोस.

आधी भांडून घेतो. जुलाब सुरू झाल्यावर दोन दिवस कळवलं का नाहीस? तिसऱ्या दिवशी फोन केलास, तोही सहज केल्यासारखा. "दिल्या, जरा पोट बिघडलंय, येताना केळी आण." मी केळी घेऊन वारज्यात पोचलो तेव्हा तुला उभं राहता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी गेलंय, किडन्यांवर आलंय, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. दोन दिवस! त्या दोन दिवसांतही तू डबे भरत होतीस म्हणे. कुणी सांगितलं होतं?

आणि मी? जमिनीला कान लावून गळती शोधणारा माणूस. खडकीपासून खराडीपर्यंत लोक मला त्यासाठी बोलावतात. सख्ख्या बहिणीचा आवाज खोल गेलाय, एवढं मात्र मला ऐकू आलं नाही.

तुझ्या दहाव्याला कान बरोबर चालले. जिन्याखाली तुमचे सेक्रेटरी एका गृहस्थांना हळू आवाजात सांगत होते, "वाईट झालं हो. पण डबे खाणारी सात-आठ मुलंही आजारी पडली. बाईंच्या किचनचं जरा... असो. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं!" आणखी काय बोलायचं राहिलं होतं? दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: घरगुती खाद्यपदार्थ बनवून विकण्यास मनाई. तुझं नाव नव्हतं. नावाची गरजच काय, सोसायटीत डबे करणारी तू एकटीच!

अक्का, तुझं किचन अस्वच्छ? डबे उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय तू भरायची नाहीस. साठीला आलेल्या मला ओट्याजवळ जाण्याआधी "हात दाखव" म्हणायचीस. माझं डोकं फिरलं ते तिथं.

गेलो सेक्रेटरींकडे. विचारलं, पाणी तपासलंत का?

"अहो, तपासलं की! रिपोर्ट एकदम क्लीन."

"नमुना कुठला घेतलात?"

"ऑफिसमधला."

"नळाचा?"

"नळाचा कशाला? फिल्टरचा. आम्ही तेच पितो ना."

फिल्टर पास झाला, अक्का! पेढेच वाटायला हवे होते. दीडशे घरांना जे पाणी जातं ते तपासायचं कुणाला सुचलं नाही. की सुचलं, म्हणूनच फिल्टरचं दिलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडलं. पालिकेचं पाणी बंद, पंप बंद. वॉचमनला म्हटलं, पाच मिनिटं एक शब्द नको. आणि ऐकलं. टप. टप. नळ बंद असताना टाकीत पाणी येतंय कुठून? पार्किंगकडच्या भिंतीतून. वॉचमन म्हणाला, "साहेब, फरशा बसवायच्या आधी इथं ड्रेनेजचा चेंबर होता." होता नाही, आहे! पार्किंग देखणं दिसावं म्हणून कमिटीनं चेंबरच्या झाकणावरूनच फरशा टाकल्या. मग तो उपसणार कोण? तुंबला, आणि भिंतीतून टाकीत झिरपत राहिला. तळमजल्याच्या संडासात मी हिरवा रंग ओतला. चहा पिऊन येईपर्यंत टाकीच्या भिंतीवर हिरवा ओघळ होता. 

पण डोळ्यांनी बघितलेलं कमिटीला पटत नाही, कागद लागतो. लॅबमधून निर्जंतुक बाटल्या आणल्या आणि तीन ठिकाणचं पाणी दिलं. पालिकेची लाइन आत येते तिथलं, टाकीतलं आणि तुझ्या ओट्याच्या नळाचं. पहिलं निर्दोष. बाकीच्या दोन्हींत ई. कोलाय. लॅबच्या मॅडमनी समजावलं, "हे जंतू माणसाच्या, जनावराच्या आतड्यात असतात. पाण्यात सापडले म्हणजे मैला मिसळलाय. आणि मैल्याबरोबर आणखी कुठलेकुठले रोग येतील ते सांगता येत नाही."

मी खूश झालो, खोटं कशाला बोलू! तुझं किचन सुटलं, असं वाटलं. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "ताई पाणी उकळत नव्हत्या का?"

"उकळायची! रोज दोन मोठी पातेली."

"मग न उकळलेलं पाणी कशात पडत होतं?"

अक्का, तुझं ताक. उन्हाळा लागला की प्रत्येक डब्याबरोबर तुझी ताकाची बाटली, आलं-कोथिंबीर लावलेली. पोरं भाजी परत आणतील, ताकाचा थेंब परत आला नाही कधी. आणि त्यात पाणी थेट नळाचं. "उकळलेल्या पाण्याचं ताक मेलं लागतं." किती वेळा ऐकलंय मी हे तुझ्या तोंडून! का गं एवढा हट्ट? एक पातेलं जास्त उकळून माठात गार केलं असतंस तर? उरलेलं ताक फुकट नको म्हणून सगळं तू प्यायचीस. मुलं तरुण, ती चार दिवसांत उठली.

आता माझं ऐक. मला पाण्याचं एप्रिलपासून माहीत होतं. "दिल्या, पाण्याला वास येतोय, टाकी बघून जा ना," असं तू म्हणाली होतीस. मी म्हटलं, "अक्का, आता नाकालाही चष्मा लाव." तू हसलीस. मी आलो नाही, कारण तुमच्या कमिटीच्या ओळखीवर मला वारज्यात चार कामं मिळतात. उगाच कुणाची टाकी उघडून वाकडेपणा कशाला घ्या, असा हिशोबी विचार केला. शहाणा ना मी!

दुपारी मंगल म्हणाली, "अहो, ताकाचं कशाला बोलता? टाकीचं तेवढं सांगा. वन्संचं नाव साफ होतंय ना?" खरं सांगतो, मोह झाला. टाकीचा कागद फलकावर लावायचा, सेक्रेटरींकडून माफी घ्यायची, विषय मिटला. पण मग फिल्टरचं पाणी देणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? शिवाय त्या सोसायटीत घरोघरी ताक होतं. ते अजून त्याच नळाच्या पाण्यानं होतंय.

रविवारी सर्वसाधारण सभा आहे. तुला वचन देतो, तिथं मी पहिल्यांदा तुझं ताक सांगेन आणि नंतर मी टाकी बघायला का आलो नाही ते सांगेन. माझ्या कामांचं जे व्हायचं ते होवो. आपल्या घरच्या दोन्ही चुका माझ्या तोंडून निघाल्या की मग सेक्रेटरींकडे वळेन आणि विचारेन, "आता तुमची?" उत्तर येईपर्यंत मी खाली बसणार नाही.

तुझा धाकटा,
दिल्या